बाबांची कोलोनोस्कोपी: औषध रात्रीच संपवायचं की अर्धं सकाळी द्यायचं? (नागपूर)

मानेवाड्याची_लेक

नमस्कार मंडळी. पुढच्या गुरुवारी दुपारी १२ वाजता रामदासपेठेत बाबांची कोलोनोस्कोपी (खालून नळी घालून मोठ्या आतड्याची तपासणी) आहे. वय ६७, राहतात काटोलला, घरची संत्र्याची बाग. शुगर जुनी, बीपीची गोळी चालू. मध्यंतरी जिना चढताना धाप लागू लागली म्हणून तपासलं, तर हिमोग्लोबिन बरंच खाली आणि लोह कमी. रक्त कुठून जाताना तर दिसत नाही. म्हणून डॉक्टर म्हणाले, वरून आणि खालून दोन्हीकडून बघून घेऊ.

रिसेप्शनवर एक छापील कागद मिळाला. आदल्या दिवशी संध्याकाळी ६ ते ८ या वेळात पोट साफ करायच्या पावडरचं पूर्ण पाकीट २ लिटर पाण्यात मिसळून संपवा, रात्री १० नंतर काही घेऊ नका, एवढंच त्यावर आहे. माझी मावसबहीण फिजिओथेरपिस्ट आहे, ती म्हणते अर्धं औषध सकाळी द्यायला हवं. फोन करून विचारलं तर उत्तर आलं, "कागदावर आहे तसंच करा."

कोणाचं ऐकू? शुगरच्या गोळ्यांचं काय करायचं, खायला काय द्यायचं, यावर कागद गप्प आहे. हिमोग्लोबिनसाठी लोहाची कॅप्सूलही सुरू आहे. ज्यांनी घरच्या माणसाची तयारी करून घेतली आहे त्यांनी प्लीज सविस्तर लिहा. बाबा घाबरलेले नाहीत, मीच घाबरले आहे.

तर्रीबाज

ताई, पहिले काकांना सांगून द्या, बुधवारी तर्री-पोहे (चण्याच्या झणझणीत रश्श्याचे) बंद म्हणजे बंद. आमच्या मामाजींनी आदल्या दिवशी सकाळी "थोडेसेच" म्हणून हाणले न् दुसऱ्या दिवशी नळी टाकल्याबरोबर स्क्रीनवर चणा. अख्खाच्या अख्खा! डॉक्टरनं त्यांना फोटोच दाखवला. बाकीचं जाणकार सांगतीलच.

एंडोस्कोपी_सिस्टर

मी नागपुरातच एंडोस्कोपी रूममध्ये नोकरी केली, आता निवृत्त आहे. तुमची मावसबहीण बरोबर सांगते आहे. तपासणी दुपारी १२ ची असताना सगळं औषध आदल्या रात्री ८ ला संपवणं म्हणजे मध्ये १६ तास रिकामे सोडणं. तेवढ्या वेळात आतडं पुन्हा घाण होतं. आम्ही सकाळचे आणि दुपारचे पेशंट एकाच दिवशी पाहायचो. रात्री औषध संपवून दुपारी आलेल्या पेशंटच्या उजव्या बाजूच्या आतड्यात हिरवट-पिवळा चिकट थर बसलेला असायचा. मग डॉक्टर पाणी मारत बसणार, मी सिरिंज भरभरून देणार, सक्शन लावणार, आणि तेवढ्यात टोमॅटोची एक बी नळीच्या तोंडाशी अडकणार. नळीतली सक्शनची वाट जेमतेम ३-४ मिलीमीटरची असते. पेरूची बी, तीळ, जवस, टोमॅटोचं साल, काहीही तिथे अडकतं. मग नळी बाहेर काढा, साफ करा, पुन्हा आत घाला. पेशंट टेबलावर आणि भुलीचं औषध चालू.

म्हणून खाण्याचं पथ्य तीन दिवस आधीपासून धरा. बिया आणि साल असलेलं काही नको: टोमॅटो, वांगं, भेंडी, पेरू, डाळिंब, तीळ, जवस, खसखस. पालेभाज्या नको, सांबार (कोथिंबीर हो) वरून भुरभुरायचा नाही. सांबारवडीसुद्धा नको. मोड आलेली कडधान्यं, चणे, शेंगदाणे, ज्वारीची भाकर, कोंड्याची पोळी बंद. पांढरा भात, दही, गाळलेलं वरणाचं पाणी, साल काढलेला बटाटा, भाज्या न घातलेला रव्याचा उपमा, इडली, मैद्याचा ब्रेड, अंडं, काटे काढलेली मासोळी, बिनमसाल्याचं चिकन चालतं. इसबगोल घेत असतील तर तेही बंद. बुधवारी सकाळी असं हलकं थोडं खाऊ द्या आणि त्यानंतर फक्त आरपार दिसणारे द्रव. काही ठिकाणी दुपारपर्यंत खायला परवानगी देतात, ते तुमच्या डॉक्टरांना विचारा.

लोहाची कॅप्सूल आजच डॉक्टरांना विचारून थांबवा. ती साधारण ५ ते ७ दिवस आधी बंद करतात. लोहाने शौच काळी होते आणि आतड्याच्या भिंतीला चिकटून बसते. पाणी मारूनही लवकर निघत नाही.

शुगरचं मी सांगणार नाही, ते डॉक्टरांनीच सांगावं. पण ते विचारल्याशिवाय घरी येऊ नका.

इतवारीकर_काका

एवढा उपद्व्याप कशाला? आमच्या लहानपणी महिन्यातून एकदा एरंडेल द्यायचे, सकाळी पोट लख्ख. दोन चमचे एरंडेल सुंठीच्या काढ्यातून द्या आणि वर गरम पाणी. दोन लिटर ते खारट पाणी म्हाताऱ्या माणसाला पाजायचं म्हणजे शिक्षाच आहे. मी स्वतः ७४ चा आहे, अजून तेच घेतो.

आतड्याचा_डॉक्टर

काका, पोट साफ होणं वेगळं आणि आतड्याची भिंत दिसण्याइतकी स्वच्छ होणं वेगळं. एरंडेलाने शौचाला होते, पण भिंतीवर थर राहतो, मुरडा येतो आणि अंगातलं पाणी किती जाईल याचा भरवसा नसतो. आपल्याला शोधायच्या असतात काही मिलीमीटरच्या गाठी. त्यातल्या काही तर अगदी चपट्या, भिंतीच्याच रंगाच्या आणि वर चिकट पदार्थाची पातळ साय असलेल्या. अशा गाठी बहुतेक उजव्या बाजूलाच सापडतात. थर राहिला की त्या सरळ सुटतात.

मूळ प्रश्नाकडे येतो. रात्रभर लहान आतड्यातून पित्त आणि पाचक रस मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या भागात उतरत राहतात. आपण काहीही खाल्लं नाही तरी ते थांबत नाही. सकाळचा अर्धा डोस हेच धुऊन काढतो. म्हणून युरोप-अमेरिकेतल्या पोटविकारतज्ज्ञांच्या संघटना औषध दोन भागांत द्या असं सांगतात: अर्धं आदल्या संध्याकाळी, उरलेलं तपासणीच्या ४ ते ६ तास आधी सुरू करून किमान २ तास आधी संपवायचं. १२ च्या तपासणीसाठी सकाळी साडेसहाला सुरुवात आणि आठ-साडेआठला शेवट. तपासणी दुपारी बरीच उशिरा असेल तर सगळंच औषध त्याच सकाळी देतात, तेही चालतं.

पेशंटचं कारण लक्षात घ्या. या वयात पुरुषाचं लोह कमी होतं आणि रक्त दिसत नाही, तेव्हा आम्हाला उजवं आतडं बघायचंच असतं. तिथलं रक्त शौचात मिसळून येतं, डोळ्याला दिसत नाही. आणि रात्रीत सगळं पिऊन टाकलं तर सर्वांत आधी तीच बाजू घाण होते. रिसेप्शनशी वाद घालू नका, थेट तपासणी करणाऱ्या डॉक्टरांशी दोन मिनिटं बोला.

शंकरनगरचा_शिरीष

डॉक्टरांशी शंभर टक्के सहमत, कारण आईच्या बाबतीत हेच झालं. दवाखान्याचं नाव घेत नाही. तपासणी दुपारी ३ ची, कागद सकाळच्या पेशंटचा. आईने औषधाचा थेंबही ठेवला नव्हता, मी समोर बसून पाजलं होतं. तरी रिपोर्टवर शेरा "तयारी अपुरी, उजवी बाजू नीट दिसली नाही, पुन्हा करावी." आम्हाला सांगण्यात आलं की पेशंटनं नीट प्यायलं नसेल. आईला फार लागलं ते. ती मला म्हणाली, "मी खोटं बोलत्ये असं वाटतं का रे त्यांना?"

दुसऱ्यांदा दुसरीकडे केली. तिथल्या सिस्टरने वेळ लिहून दिली, अर्धं सकाळी. व्यवस्थित झाली. पैसे गेले ते गेले, पण ७१ वर्षांच्या बाईला तोच त्रास परत सोसावा लागला, त्याचा राग अजून आहे. पेशंटच्या वेळेप्रमाणे कागद बदलायला एक झेरॉक्स जास्त लागते, बस्स.

मानेवाड्याची_लेक

शिरीष, आईंबद्दल वाचून वाईट वाटलं. सिस्टर, डॉक्टर, खूप आभार. उद्याच जाऊन भेटते. बाबांचा एक प्रश्न आहे, तो त्यांच्याच शब्दांत: "घरच्या बागेचा संत्र्याचा रस चालंल का?"

तर्रीबाज

काटोलच्या माणसाला संत्रं नाही म्हणायची हिंमत कोणात आहे? 😄

एंडोस्कोपी_सिस्टर

हिंमत माझ्यात आहे. 😊 संत्र्याच्या रसात गर असतो, गाळला तरी तो आरपार दिसत नाही. बाबांना सांगा, तपासणी झाली की हवा तेवढा प्या (शुगर बघून). मोसंबीचंही तेच. काचेच्या ग्लासात ओतून पलीकडे वर्तमानपत्रातली अक्षरं वाचता आली तर ते द्रव चालतं. नारळपाणी, गाळलेलं लिंबूपाणी, बिनदुधाचा चहा, सफरचंदाचा गाळलेला रस, मुगाच्या डाळीचं वरचं गाळलेलं पाणी, ओआरएस. दूध, ताक, पन्हं, सूप नाही. आणि लाल-जांभळ्या रंगाचं काही नको: गुलाबाचं सरबत, बीट, लाल जेली. आत तो रंग रक्तासारखा दिसतो.

धरमपेठची_वहिनी

माझ्या सासूबाईंचं ऐका. "आदल्या दिवशी उपास" असं सांगितल्यावर त्यांनी आनंदाने साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याची आमटी आणि राजगिऱ्याचा लाडू असा साग्रसंगीत बेत केला. एकादशीचाच हिशेब! वेळेवर कळलं म्हणून बरं. तेव्हा घरातल्या मोठ्यांना "उपास" सांगू नका, "फक्त पाणी-सरबत" सांगा.

रामटेकची_राधा

माझा अनुभव लिहिते, कारण मला वर्षानुवर्षं बद्धकोष्ठ आहे आणि अशा लोकांना एक पाकीट पुरेलच असं नाही. माझ्या डॉक्टरांनी आधीचे दोन-तीन दिवस रात्री बिसाकोडिलच्या (जुलाबाच्या) गोळ्या दिल्या आणि मुख्य औषधही वाढवून दिलं. काकांना आठवड्यातून दोन-तीनदाच होत असेल, किंवा वेदनेची भारी औषधं चालू असतील, तर तसं आधीच सांगा.

पिण्याबद्दल: पावडर सकाळीच कालवून बाटल्या फ्रीजमध्ये ठेवा. गार असलं की ती खारट-गोड चव बरीच दबते. एक पेला, मग दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, मग पुढचा. मी स्ट्रॉ जिभेच्या मागच्या भागावर ठेवून प्यायले आणि मध्ये लिंबाची फोड चाटली. दोन पेल्यांच्या मध्ये घरात फेऱ्या मारल्या, तसं केल्याने खाली लवकर उतरतं. पहिला तासभर काहीच झालं नाही तेव्हा वाटलं औषधच खोटं आहे. मग जे सुरू झालं...

कोणी मोकळेपणानं सांगत नाही म्हणून सांगते: सुरुवात करण्याआधीच खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन लावून ठेवा. कागदाने पुसू नका, पाण्याने धुवा आणि मऊ कपड्याने टिपा. नाहीतर सकाळी बसवत नाही.

औषधीवाला_महाल

महालात औषधीचं दुकान आहे, म्हणून एक गोष्ट काळजीनं लिहितो. गिऱ्हाईक येऊन म्हणतात, "ते दोन लिटरवालं नको, छोटी बाटली द्या." ती छोटी बाटली म्हणजे सोडियम फॉस्फेट, ४५ मिली. पाण्यात मिसळून घ्यायची, चव लवकर संपते, म्हणून लोकांना आवडते. पण तिच्यातलं फॉस्फेट किडनीत जाऊन बसू शकतं आणि किडनीला कायमची इजा होऊ शकते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००८ मध्ये त्यावर सर्वांत कडक इशारा लावला. वय जास्त, किडनी कमजोर, हार्टचा त्रास, बीपीसाठी टेल्मिसार्टन-रामिप्रिल गटातली गोळी, लघवी जास्त होण्याची गोळी, रोजची वेदनाशामकं, यातलं काही असेल तर ती बाटली नकोच. ६७ वर्षं, शुगर, बीपी: ताईंच्या बाबांसाठी पॉलिइथिलीन ग्लायकॉलची पावडरच बरोबर आहे. ते औषध शरीरात जवळजवळ शोषलं जात नाही, पाणी आतड्यातच धरून ठेवतं, आणि सोबत क्षार असतात म्हणून अंगातलं मीठ ढळत नाही.

दुसरं, पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात मिसळा. काही जण १ लिटरमध्ये दाट करून "पटकन संपवू" म्हणतात. तसं करू नका. आणि त्या पाण्यात साखर, सरबताची पावडर मनाने घालू नका.

इतवारीकर_काका

बरं बाबा. एरंडेल मागे घेतो. पण मग आधी मॅनिटॉल का देत होते? माझ्या थोरल्या भावाला तेच दिलं होतं, सलाईनची बाटली फोडून प्यायला. गोड होतं, तक्रार नव्हती.

आतड्याचा_डॉक्टर

काका, मॅनिटॉल स्वस्त आणि गोड, म्हणून पुष्कळ वापरलं गेलं. अडचण अशी की आतड्यातले जीवाणू ती साखर आंबवतात आणि हायड्रोजन, मिथेन तयार होतात. नुसतं बघायचं असेल तोवर ठीक. पण गाठ सापडली आणि विजेच्या तारेने कापायची वेळ आली की आत जळणारा वायू आणि वर ठिणगी. १९७९ मध्ये फ्रान्सच्या डॉक्टरांनी अशा स्फोटात पेशंट दगावल्याची घटना वैद्यकीय नियतकालिकात नोंदवली. तेव्हापासून गाठ काढायची शक्यता असेल तिथे मॅनिटॉल टाळतात. बद्धकोष्ठासाठी लॅक्टुलोजचं सिरप घेणाऱ्यांनीही डॉक्टरांना सांगावं, त्याचंही तसंच आहे.

बुटीबोरी_नाईटशिफ्ट

एवढं सगळं करण्यापेक्षा सीटी स्कॅनवर आतडं बघता येतं ना? नळी नको, भूल नको. की आधी शौच तपासून घ्यावी?

एंडोस्कोपी_सिस्टर

भाऊ, सीटीवाल्या तपासणीलाही पोट साफ करावं लागतंच, वर रंगाचं औषध प्यावं लागतं, आणि गाठ दिसली की ती काढायला कोलोनोस्कोपी आलीच. म्हणजे तयारी दोनदा. ज्यांना नळी जातच नाही किंवा भूल झेपणार नाही त्यांना सीटीचा उपयोग आहे. शौचातलं लपलेलं रक्त तपासण्याची टेस्ट काही त्रास नसलेल्या माणसाला चाळणी म्हणून चांगली, पण काकांचं हिमोग्लोबिन आधीच उतरलंय. ती टेस्ट निगेटिव्ह आली तरी नळी घालावीच लागेल.

फक्त शेवटचा भाग बघायचा असेल (सिग्मॉइडोस्कोपी) तर बहुतेक वेळा दोन लिटर प्यावंच लागत नाही, तपासणीआधी एनिमावर काम होतं. तो वेगळा विषय. लोक दोन्हीची गल्लत करतात आणि एनिमा घेऊन कोलोनोस्कोपीला येतात.

डलासची_दीपा

मूळची खामल्याची. इकडे अमेरिकेत २०२१ पासून काही त्रास नसला तरी ४५ व्या वर्षी मोठ्या आतड्याची तपासणी सुरू करा असं सांगतात, आधी ते ५० होतं. माझी झाली. अर्धं औषध पहाटे ४ ला उठून प्यायचं होतं आणि मी मनातल्या मनात सगळ्यांना शिव्या घातल्या. पण रिपोर्टवर ९ पैकी ९ गुण. आतड्याचे तीन भाग करतात, प्रत्येकाला ० ते ३ गुण. तुमच्या रिपोर्टवर "बोस्टन" असं काही लिहिलेलं असेल तर तेच. शाळेनंतर पहिल्यांदा पैकीच्या पैकी!

आपल्याकडे असा काही सरकारी कार्यक्रम आहे का?

आतड्याचा_डॉक्टर

आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तीन कॅन्सरची चाळणी आहे, मोठ्या आतड्याची नाही. म्हणून इथे माणूस त्रास झाल्यावरच येतो. आई-वडील किंवा सख्ख्या भावंडाला हा कॅन्सर झाला असेल, तर ४० व्या वर्षी किंवा त्यांना झाला त्या वयाच्या १० वर्षं आधी, यातलं जे लवकर येईल तेव्हा पहिली तपासणी करा. गाठीचा कॅन्सर व्हायला बहुधा १० वर्षांच्या आसपास लागतात. तेवढा वेळ हातात असतो आणि तो आपण वाया घालवतो.

गुणांबद्दल: एकूण ६ किंवा जास्त आणि प्रत्येक भागाला किमान २ असतील तर तयारी पुरेशी. रिपोर्टवर ते लिहिलं नसेल तर मागा.

उमरेड_रोड

मी थोडं वेगळं लिहितो. पत्नीचं मोठ्या आतड्याचं ऑपरेशन मेडिकलमध्ये (सरकारी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात) झालं. तिथेही ऑपरेशनच्या आधी हेच औषध पाजलं, आणि त्याच्या जोडीला आदल्या दिवशी अँटिबायोटिकच्या गोळ्या, निओमायसिन आणि मेट्रोनिडॅझोल. निवासी डॉक्टर मुलगी होती, तिने खाटेशी उभं राहून समजावलं की नुसतं पोट रिकामं करून भागत नाही, आत उरलेले जीवाणूही कमी व्हायला हवेत, म्हणजे जखमेत पू होण्याचा धोका घटतो. सगळे सर्जन सारखं करत नाहीत, हे नंतर कळलं.

लिहायचं कारण हे की तिला उलट्या झाल्या. अर्ध्या पेल्यानंतर सगळं बाहेर. तेव्हा त्या मुलीने थांबवलं, उलटीचं औषध दिलं, अर्ध्या तासाने पुन्हा सुरू केलं आणि घोट लहान केले. मी एकटा घरी असतो तर घाबरून सगळं ओतून दिलं असतं. तेव्हा उलटीची गोळी आधीच विचारून घरात आणून ठेवा.

एंडोस्कोपी_सिस्टर

उमरेड रोड, वहिनींना माझा नमस्कार सांगा. तुम्ही लिहिलंत त्याला एक जोडते. पोट दगडासारखं फुगलं, जोराची कळ येतेय, उलट्या थांबत नाहीत आणि खालून काहीच बाहेर पडत नाही, असं झालं तर पुढचा पेला देऊ नका. आतडं अडलेलं असू शकतं. सरळ दवाखाना गाठा.

औषधीवाला_महाल

आणि ताई, उन्हाचं विसरू नका. आपल्या मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, त्यात जुलाब. कूलरच्या खोलीत बसवा. नुसतं साधं पाणी धबाधबा पाजू नका, वयस्कर माणसाचं सोडियम उतरतं. ओआरएस, नारळपाणी आलटून पालटून द्या. टाकी भरून ठेवा, हे सांगायलाच नको.

मानेवाड्याची_लेक

अपडेट. आज डॉक्टरांना भेटले. रिसेप्शनवर बसून राहिले तेव्हा दोन मिनिटं मिळाली. त्यांनी कागद बघितला आणि स्वतःच पेनाने खोडून लिहिलं: १ लिटर बुधवारी संध्याकाळी ६ ते ८, १ लिटर गुरुवारी सकाळी साडेसहा ते आठ. साधं पाणी १० वाजेपर्यंत. लोहाची कॅप्सूल आजपासून बंद.

गोळ्यांची पिशवीच सोबत नेली होती, ते बरं झालं. त्यात शुगरची एक गोळी डापाग्लिफ्लोझिन निघाली. ती तीन दिवस आधीपासून बंद करायला सांगितली. उपाशीपोटी ती चालू राहिली तर शुगर फारशी न वाढताही रक्तात आम्ल वाढू शकतं म्हणाले. ग्लिमेपिराइड बुधवारी-गुरुवारी नाही, नाहीतर शुगर एकदम खाली. मेटफॉर्मिनही दोन्ही दिवस बंद. बीपीच्या गोळीत पाणी काढणारं औषध मिसळलेलं आहे, म्हणून ते दोन दिवस तीही नाही. बुधवारी दर चार तासांनी शुगर बघायची आणि ७० च्या खाली आली तर ग्लुकोजचं पाणी. हे सगळं माझ्या बाबांपुरतं आहे, दुसऱ्या कोणी नक्कल करू नका. पण पिशवी मात्र सगळ्यांनी न्या.

रामटेकची_राधा

फार छान केलंस. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या असणाऱ्यांसाठीही लिहून ठेव. माझ्या काकांनी स्टेंट असताना क्लोपिडोग्रेल परस्पर बंद केली होती. हार्टच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती कधीच बंद करायची नाही.

शंकरनगरचा_शिरीष

एक व्यवहारातली अडचण. सकाळचा डोस घेतल्यावर मानेवाड्याहून रामदासपेठेत जाणार कसे? वाटेत लागली तर?

एंडोस्कोपी_सिस्टर

आठपर्यंत संपलं की दहा-साडेदहापर्यंत जोर ओसरतो. मनाच्या समाधानासाठी मोठ्यांचा डायपर घाला, त्यात लाजण्यासारखं काही नाही, आमच्याकडे मोठमोठे लोक घालून यायचे. एक जोड कपडे बरोबर ठेवा. बाबांना बुधवारीच काटोलहून आणा, सकाळी ६० किलोमीटरचा प्रवास नको. गुडघे दुखत असतील तर कमोड असलेली खोली द्या आणि संडासची कडी आतून लावू देऊ नका. रात्री वाटेतला दिवा चालू ठेवा. वयस्कर माणूस औषधाने जितका आजारी पडत नाही तितका घाईत घसरून पडतो.

तयारी झाली हे ओळखायचं कसं? शेवटी जे बाहेर पडेल ते लघवीसारखं पिवळसर आणि आरपार दिसलं पाहिजे, भांड्याचा तळ दिसला पाहिजे. गढूळ असेल, कण असतील तर लपवू नका, पोचल्याबरोबर सिस्टरला सांगा. अजून उपाय करता येतो. आणि भूल दिली तर त्या दिवशी गाडी चालवायची नाही, सही करायची नाही, सोबत माणूस हवा.

तर्रीबाज

न् तपासणी झाल्यावर? सावजी कधी?

आतड्याचा_डॉक्टर

त्या दिवशी वरण-भात. पोटात हवा भरलेली असते, ती आधी जाऊ द्या. गाठ काढली असेल तर काही दिवस डॉक्टर सांगतील तसं. रक्त पडलं, ताप आला किंवा पोट कडक झालं तर लगेच यायचं. सावजीची तर्री पळून जात नाही.

मानेवाड्याची_लेक

काल झाली. घाईत लिहितेय.

संध्याकाळचं लिटर बाबांनी टीव्हीवर मॅच बघत संपवलं. सकाळच्या दुसऱ्या पेल्याला मळमळलं, वीस मिनिटं थांबलो, मग लिंबाची फोड चाटत चाटत झालं. रात्री शुगर एकदा ७८ वर आली तेव्हा मी जागीच होते, सफरचंदाचा रस दिला. साडेनऊपर्यंत अगदी सिस्टरनी लिहिलं तसं स्वच्छ पिवळं पाणी.

रिपोर्टवर ८ गुण. उजव्या बाजूला दोन गाठी होत्या, एक लहान आणि एक चपटी, जरा मोठी. दोन्ही काढल्या. चपटी दाखवताना डॉक्टर म्हणाले, "ही घाणीखाली सहज सुटली असती." बायोप्सीला पाठवल्यात. रक्त तिथूनच जात होतं का, हे रिपोर्ट आल्यावर बोलू म्हणाले. बाबा आज सकाळी उठून पहिलं वाक्य काय बोलले असतील? "संत्रं सोल."

धरमपेठची_वहिनी

किती बरं वाटलं वाचून. बायोप्सीचं काय ते नक्की कळव. धागा वाचनखुणेत टाकलाय.

शंकरनगरचा_शिरीष

आनंद झाला. एकच विचारतो, त्यांनी तो छापील कागद बदलला का?

मानेवाड्याची_लेक

मी विचारलं. दुपारच्या पेशंटसाठी वेगळा कागद करतो म्हणाले. निघताना बघितलं तर काउंटरवर जुनाच गठ्ठा होता. बाजूला भंडाऱ्याच्या एक काकू बसल्या होत्या, त्यांची तपासणी सोमवारी दुपारी २ ची. त्यांच्या कागदावर वेळ बदलून घ्यायला त्यांना आत पाठवलं आणि त्यांच्या मुलाला या धाग्याची लिंक दिली. बायोप्सी पुढच्या शुक्रवारी मिळणार आहे, तेव्हा गठ्ठ्याबद्दल पुन्हा विचारते.